सभासदत्व सोडण्याचे कारण

एकसारखा भरलेला रकाना दिसला की हल्ली मला आधी संशय येतो. आमच्या वाचनालयाच्या संगणकात 'सभासदत्व सोडण्याचे कारण' असा एक रकाना आहे. पूर्वी तिथे ज्याला जे सुचेल ते तो लिहायचा आणि वर्षअखेरीस यादी काढताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून मीच चार पर्याय घालून दिले: स्थलांतर, मृत्यू, वेळ नाही, इतर. यातलंच एक निवडायचं, स्वतःचं काही लिहायची सोयच ठेवली नाही. तेव्हापासून यादी कशी शिस्तीत उभी असते, आणि माझा तिच्यावर काडीचा विश्वास नाही. इतकी माणसं मोजून चारच कारणांनी पुस्तकं सोडतील?

काल एक आजोबा काठीने चाचपडत आले. कार्ड टेबलावर ठेवून म्हणाले, "बंद करा हे."

"कारण?" मी सवयीने विचारलं.

"मला दिसत नाही. ही वाचून दाखवायची. ही गेली."

मी यादी उघडली. सभासद तर समोर उभे होते, त्यामुळे 'मृत्यू' चालेना. 'वेळ नाही' म्हणावं, तर आता त्यांच्याकडे वेळच वेळ होता. मी 'इतर' निवडलं. संगणकाने मुकाट्याने घेतलं.

"लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

"हो आजोबा. तुम्ही सांगितलंत तसंच."

"बरं झालं," ते म्हणाले. "ती वाचायची, याची कुठेतरी नोंद राहिली."