तीट म्हणून बसवलेली पोर

"तीट लावू नगं गं. ही बसती की शेजारी, मग कशाला पायजे तीट?"

काकू मोठ्यानं म्हणाल्या. काकू म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. त्यांच्या नातवाचं बोरन्हाण होतं. काळा झगा आणि हलव्याचे दागिने घालून बाळ पाटावर बसलेलं. दृष्ट लागू नये म्हणून सून काजळाची डबी घेऊन त्याच्या गालाला तीट लावायला वाकली होती. काकूंनी तिचा हात धरला. माझ्या पाच वर्षांच्या मुलीला दंडाला धरून बाळाशेजारी बसवलं आणि फोटो काढायला सांगितलं.

बायका खो खो हसल्या.

मीही हसले. हे लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मला हसताना पाहून माझी मुलगीही हसली. आई हसतेय म्हणजे काहीतरी चांगलंच झालं असणार, असं तिला वाटलं.

माझा नवरा टांझानियाचा. पुण्यात शिकायला आला, तिथंच आमचं जमलं. मी इंदापूर तालुक्यातल्या कळंबची, ऊसवाल्या घरातली. लग्नाचं कळल्यावर वडील एवढंच म्हणाले, "तू ये. एकटीनं ये." मी गेले नाही. गेल्या पावसाळ्यानंतर नवऱ्याला बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीची नोकरी लागली आणि आम्ही पुणं सोडलं. मला उगाच आनंद झाला होता. आपला मुलूख, आपली भाषा.

कसलं आपलं! बारामतीजवळ पिंपळीत खोली ठरली होती. नवऱ्याला बघितल्यावर घरमालकाला अचानक आठवलं, की भाचा राहायला येणार आहे. अशी चार घरं गेली. पाचव्या वेळी मी एकटीच गेले. काकूंचे यजमान, तात्या, यांनी विचारलं, "मिस्टर कुठलं म्हनायचं?"

मी म्हणाले, "केरळचे."

लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायला निघाले होते मी. नवरा सामान घेऊन आला तेव्हा तात्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला बाजूला घेतलं. "ऱ्हावा. पर साहेबांनी गॅलरीत उभं ऱ्हायचं न्हाय. लोकं इचारत्यात." मी मान डोलावली. केरळचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. खिडक्यांना जाड पडदे लावले. भर दुपारी ट्यूब लावून स्वयंपाक करायचे. मुलगी बापाशी स्वाहिलीत बोलायला लागली की तिला गप्प करायचे. नवरा एकदा म्हणाला, "मी चोरी केली का?" तर मी त्याच्यावरच खेकसले. जीव नुसता गुदमरायचा. पण सहावं घर शोधायची ताकद नव्हती.

बोरन्हाणानंतर आठवडाभरानं मी कणीक मळत होते. मुलीनं बाहुली भिंतीला टेकवली होती आणि स्वतः शेजारी ताठ बसली होती. किती वेळ झाला, हलेना. काय खेळतेस, म्हणून विचारलं.

"मी तीट झालेय. मी बसले ना, की बाळाला काही होत नाही."

अभिमानानं सांगितलं तिनं. कामाला लागली होती माझी पोर. दुसऱ्याच्या लेकराची दृष्ट टाळायच्या कामाला. ते काम तिला काकूंनी दिलं आणि मी हसून त्यावर सही केली. तळपायाची आग मस्तकात गेली. पहिला राग माझाच आला.

पुढच्या रविवारी नातवाचं जावळ होतं. दोन दिवस आधी काकू दारात आल्या. "पोरीला दे धाडून. फोटू काढायचाय, बसंल बाळाशेजारी."

"ती येणार न्हाय, काकू."

"का गं?"

"माझी पोरगी तीट न्हाय."

"आगं बया! गमतीनं म्हनलं की. तू बी हसलीस की तवा."

"हसले. चुकलं माझं. आन अजून एक. तिचा बाप केरळचा न्हाय, टांझानियाचा हाय. जावळाला बोलवायचं आसंल तर तिघांना बोलवा. न्हायतर कुणालाच नगं."

काकू तरातरा खाली गेल्या. अर्ध्या तासात तात्या आले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "म्हैनाअखेर दुसरीकडं बघा."

हे होणार, हे मला माहीत होतं. कळंबचं दार बंद, पुण्याची खोली सुटलेली, नवऱ्याची नोकरी इथं. घर बघायला आता तिघांनी मिळून जायचं, असं नवऱ्याला फोनवर सांगितलं.  तो "बरं" म्हणाला.

मग मुलीला समोर बसवलं. म्हटलं, "तुला तीट म्हणाले ना, तो तुझा अपमान होता. तू कुणाची तीट नाहीस. आणि मी हसले, ती माझी चूक."

"मग तू हसलीस का?"

पाच वर्षांची पोर. तिला उत्तर द्यावंच लागतं.

"भ्याले होते."

"आता भीत नाहीस?"

"भिते. पण हसणार नाही."