दुसऱ्या हाताची क्लिप

फिलिपिन्समधल्या तालिसायहून वर तागायतायला जाणारा रस्ता ज्याने कुणी आखला, त्याचं मोटारींशी जुनं वैर असलं पाहिजे. खाली तळं, वर कडा आणि मधे वळणांवर वळणं. प्रत्येक वळणाला स्टिअरिंग शेवटपर्यंत पिळायचं, की पुढच्या चाकामागचा जॉइंट वाकडा होऊन फिरायला लागतो. त्या जॉइंटवर रबराचं एक घड्याघड्यांचं टोपण असतं, पेटीच्या भात्यासारखं. आतलं ग्रीस आत राहावं आणि बाहेरची धूळ बाहेर, एवढंच त्याचं काम. गॅरेजवाले त्याला बूट म्हणतात. या रस्त्यावर बूट फाटतात, आणि फाटलेला बूट बदलावा तो मांग तेर्योनेच, असं गावात कुणीही सांगेल. निदान मांग तेर्योच्या तोंडावर तरी असंच सांगेल.

'मांग' म्हणजे तिकडे वडीलधाऱ्याला आदराने म्हणायचं 'काका', आणि एलेउतेर्यो माकातांगाय हे त्याचं पूर्ण नाव. ते फक्त बाप्तिस्म्याच्या कागदावर आणि बायको भडकली की तिच्या तोंडी यायचं. घरापुढे पत्र्याची शेड, शेडमध्ये एक खड्डा, आणि खड्ड्यात दिवसभर मांग तेर्यो. बोलायला फटकळ, पण कामात कुणी बोट ठेवावं असं काही नाही. कापून चिकटवायचे बूट बाजारात आले तेव्हा त्याने विकणाऱ्याला शेडबाहेर घालवलं होतं. "बूट घालणं म्हणजे तान्ह्याला लंगोट बांधणं आहे," तो म्हणायचा. "सैल राहिला की सगळं बाहेर. आणि चिकटवलेला लंगोट कुणी पाहिलाय?"

बुटाचा जाड काठ जॉइंटच्या कडेला असलेल्या खाचेत बसवायचा असतो. पुढची बाजू दिसते. मागची दिसत नाही, तिथे बोट फिरवून बघायचं. काठ एकसारखा लागला की वरून पत्र्याची पट्टी आवळायची, तिचं शेपूट मागे दुमडायचं आणि हातोडीने चपटं करायचं. मांग तेर्योची दुमड ओळखू येई, जशी एखाद्या बाईच्या हातची शिवण ओळखू येते.

पण दोन वर्षांपूर्वी रक्तातल्या साखरेने त्याच्या बोटांची टोकं गाठली. आधी मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या. खाचेत बोट घातलं की पूर्वी जे स्वच्छ कळायचं ते आता अंदाजाने ठरवावं लागे. ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही. डॉक्टरला नाही, बायकोला तर नाहीच. एकदा का हे बाहेर फुटलं की लोक गाड्या आणायचे बंद होणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि गाड्या बंद झाल्या की मागे काय उरणार? गोळ्या गिळणारा, दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना हाका मारणारा एक म्हातारा. तसे म्हातारे गावात पुष्कळ होते आणि मांग तेर्योला त्यांच्यात जाऊन बसायचं नव्हतं.

त्या सकाळी मारिविक गाडी घेऊन आली. मारिविक म्हणजे त्याचा जिवलग अन्सेल्मो याची सून. अन्सेल्मो हा तेर्योच्या मुलीचा धर्मपिता, त्यामुळे दोघं एकमेकांना 'पारे' म्हणायचे. या पारेपणाचं नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट मानतात. अन्सेल्मो आपल्या जुन्या गाडीतून रोज सकाळी शाळेची पोरं वर डोंगरावर पोचवायचा. आज त्याची पाठ धरली होती म्हणून सून आली होती.

"मांग तेर्यो, वळणाला टक्‌टक् वाजतंय हो," मारिविक म्हणाली. "उजव्या बाजूने. पोरं म्हणतात गाडीत बेडूक शिरलाय."

"बेडूक नाही, बूट," तेर्यो म्हणाला आणि जॅक लावला.

उजवा बूट घडीत चिरला होता, चाकाच्या आतल्या अंगाला ग्रीसचे शिंतोडे उडाले होते. नेहमीचंच. मग सवयीने त्याने डाव्या बाजूला बॅटरी मारली. डावा बूट त्याने स्वतः नाताळच्या आधी घातला होता. आपलं काम कसं टिकलंय ते बघावं, एवढ्याच कौतुकाने तो वाकला.

तिथे त्याची दुमडलेली पट्टी नव्हती. गोल चकचकीत क्लिप होती, वर कान काढून पकडीने चिमटलेली. अशी क्लिप तेर्योने आयुष्यात वापरली नव्हती. त्याच्याकडे ती पकडही नव्हती. वरच्या वळणावर गॅरेज टाकलेला क्रिसांतो मात्र असल्याच क्लिपा वापरायचा. हा क्रिसांतो याच खड्ड्यात, याच्याच हाताखाली शिकला होता.

"ही डावी बाजू कुणी उघडली?" तेर्योने विचारलं.

"ती होय? ती बाबांनी क्रिसांतोकडून बघून घेतली होती. तुम्ही करून दिलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी." मारिविक मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली. "सगळेच तसं करतात ना? आधी तुमच्याकडे, मग—"

मग तिने वर बघितलं. तेर्योचा चेहरा बघून तिचा हात तोंडावर गेला.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ती पुटपुटली. ती शेडबाहेर जाऊन कुणाला तरी घाईघाईने फोन करू लागली.

तेर्योच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाताळच्या आधी गाडी न्यायला आलेला अन्सेल्मो त्याला आठवला. बॉनेटवर थाप मारून म्हणाला होता, "पारे, तुझ्या हाताला तोड नाही!" वर तळ्यातल्या ताज्या तावीलिसची टोपलीही दिली होती. ते मासे तेर्योने कुरकुरीत तळून, बोटं चाटत खाल्ले होते. आणि दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ हाच बूट दुसऱ्याकडून उघडवायला डोंगर चढला! शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण मासे कशाला दिले?

दुसरा कुणी असता तर त्याने पाना भिरकावला असता. तेर्यो कामाला लागला. आज त्याला आयुष्यातलं सगळ्यात चोख काम करून दाखवायचं होतं. चाक काढलं, खालचा सांधा सोडवला, शाफ्ट बाहेर ओढला. हातोडीच्या ठोक्याने जॉइंट सुटला. तो रॉकेलमध्ये धुतला, आतली एकेक पोलादी गोळी फिरवून बघितली. वाळू फार शिरली नव्हती, जॉइंट वाचला होता. नवा बूट शाफ्टवर चढवला, जॉइंटमध्ये काळं ग्रीस ठासून भरलं, ठोकून जागेवर बसवला. आतलं लॉक खट्‌कन बसलेलं कानाला ऐकू आलं. कानांवर अजून त्याचा भरवसा होता. मग काठ खाचेत घातला आणि मागून बोट फिरवलं. बोटाला काहीच कळलं नाही. पुन्हा फिरवलं. मग पट्टी आवळली, शेपूट दुमडलं आणि गरजेपेक्षा जोरात ठोकलं.

सगळं परत जोडून चाक चढवेपर्यंत अन्सेल्मो पोचला होता. रिक्षातून कण्हत उतरला, एक हात कमरेवर.

"पारे," तो म्हणाला, "पोरगी काहीतरी बोलून गेली. ऐकून तर घे."

"ऐकतोय की. इतकी वर्षं ऐकतोच आहे. 'तुझ्या हाताला तोड नाही.' आणखी काय राहिलंय?"

"तसं नाही रे. दोन वर्षांपूर्वीची ती ओब्दुलिया बाईंची गाडी आठवते?"

ओब्दुलिया बाई गावच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांची गाडी तेर्योला चांगली आठवत होती. "त्यांनी विकली ती. मनिलातल्या भावाला."

"विकली नाही." अन्सेल्मो जुन्या टायरवर हळूच टेकला. "तू घातलेला बूट खाचेतून सुटला होता. ग्रीस गेलं, जॉइंट कोरडा फिरत राहिला आणि चढावरच निकामी झाला. इंजिन नुसतं घोंघावतंय आणि गाडी मागे मागे. आत बाईंची आई होती. ब्रेक दाबून, चाकामागे दगड लावून कशीबशी थांबवली. तो रविवार होता, तू तळ्यावर गळ टाकून बसला होतास."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"कुणी सांगायचं? आणि माझ्या गाडीत तर लोकांची पोरं असतात रे. तू सांग, मी काय करायचं होतं?"

"इथे उभं राहून मला तोंडावर सांगायचं होतंस! 'तेर्यो, तुझं काम चुकलं' म्हणायचं होतंस! पारे म्हणवतोस ना स्वतःला?"

 अन्सेल्मोची नजर नकळत घराच्या दाराकडे गेली, आणि तेर्योनेही वळून बघितलं.

दारात त्याची बायको सेंदा उभी होती. तिच्या हातात कॉफीचे दोन कप होते. कधीपासून उभी होती कोण जाणे. कॉफीवर साय धरली होती.

"तू पण?" तेर्यो म्हणाला.

"मीच," सेंदा म्हणाली. "ओब्दुलिया बाईंच्या पाया पडायला मीच गेले होते. नंतर घरोघर मीच फिरले. म्हटलं, गाड्या त्याच्याकडेच आणा, त्याला करू द्या. मग वर क्रिसांतोला दाखवा, पण याला कळू देऊ नका. लोक चांगले आहेत, एलेउतेर्यो. एकानेही नाही म्हटलं नाही."

"म्हणजे सगळं गाव मला खेळणं देऊन बसवत होतं."

"परवा गरम तवा उघड्या हाताने उचललास आणि फोड आल्यावर तुला कळलं. मला दिसत नाही का? तू सांगशील म्हणून वाट बघत होते मी. दोन वर्षं तू माझ्यापासून लपवलंस."

"मी एक गोष्ट लपवली. तू तर माझं रोजचं जगणंच खोटं करून टाकलंस." त्याचा आवाज फाटला. "रोज संध्याकाळी विचारायचीस, आज काय काम केलंस म्हणून. मी सांगायचो आणि तू मान डोलवायचीस!"

सेंदाने कप खाली ठेवले. तिला रडू आलं, पण ती आत गेली नाही. "मग काय करू? काम सुटलं असतं तर तू सहा महिने काढले नसतेस. मला तू खोटा का होईना, पण हवा होतास."

बाहेरच्या माणसाने म्हटलं असतं, किती ही माया. मायाच होती, कोण नाही म्हणतंय? पण ज्याचा गळा कापला जातो त्याला सुरी प्रेमाने धरली होती की रागाने, याचं काय करायचं? तेर्योला फक्त एवढंच कळत होतं की दोन वर्षांत त्याच्याशी कुणीही, अगदी एकही माणूस, खरं बोलला नव्हता.

तो गाडीत जाऊन बसला. "चला," म्हणाला. "क्रिसांतोकडे. नाहीतरी उद्या माझ्यामागे गाडी तिकडे नेणारच होतात. आज माझ्या डोळ्यांदेखत बघू दे."

पाठ धरलेली असूनही अन्सेल्मोनेच गाडी चालवली. पुढच्या सीटवर तेर्यो, मागे सेंदा आणि मारिविक. वळणावळणाला तेर्यो उजव्या चाकाकडे कान लावून होता. आवाज काही येत नव्हता. पण सुटलेला बूटही पहिल्या दिवशी आवाज करत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

क्रिसांतोने त्यांना एकत्र उतरताना बघितलं आणि तो हातातलं काम टाकून उठला. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"मांग तेर्यो, बसा ना. काही थंड घेता?"

"खाली शीर. उजवा बूट. मागची बाजू बोटाने बघ आणि काय ते सांग."

क्रिसांतोने गाडी उचलली आणि पाठीवर सरकत खाली गेला. तेर्यो गुडघे टेकून बाजूला वाकला. त्याला क्रिसांतोचा हात दिसत होता, बुटाच्या मागे गेलेला. बोट सावकाश खाचेवरून फिरलं. तेर्योनेच शिकवलं होतं तसं, घाई न करता, आधी एकीकडून आणि मग उलट दिशेने.

क्रिसांतो बाहेर आला. त्याने हात पुसले.

"एकदम बरोबर बसलाय, मांग. सगळीकडून एकसारखा. मीसुद्धा याहून चांगला घातला नसता."

"खरं?"

"खरंच. आईशपथ."

अन्सेल्मोने सुटकेचा श्वास टाकला. सेंदा डोळे पुसून हसली. "बघ! मी म्हणत नव्हते?" ती म्हणाली. मारिविकनेही मान डोलावली.

तेर्यो क्रिसांतोच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथे प्रेम होतं, आदर होता, थोडी भीतीही होती. मग त्याने अन्सेल्मोकडे बघितलं, मग बायकोकडे. तिघांच्याही चेहऱ्यावर तेच होतं, जे दोन वर्षं रोज त्याच्या समोर होतं आणि ज्याच्यावर त्याने डोळे मिटून विश्वास ठेवला होता. त्याने स्वतः गाडीखाली हात घातला, बुटाच्या मागे बोट नेलं आणि खाचेवरून एकदा पूर्ण फिरवलं.

काठ बसला होता किंवा बसला नव्हता.

"नीट आहे ना?" सेंदाने विचारलं.

"नीट आहे," तेर्यो म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याने कुठल्याही गाडीला हात लावला नाही.