निळ्या लाइटखालचा हात

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पाल चुकचुकली की सासूबाई ‘कृष्ण कृष्ण’ म्हणतात, मी झाडू शोधते. तरीही हे लिहितेय...

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहतो. माझी मुलगी जन्मली आणि लगेच हळदीसारखी पिवळी पडली. परळच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये तिला निळ्या लाइटखाली काचेच्या पेटीत ठेवलं. अंगावर फक्त डायपर, डोळ्यांवर पट्टी. डॉक्टरांनी साइड इफेक्ट्स सांगितले – जुलाब, पुरळ, अंगातलं पाणी कमी होणं. “पण कावीळ मेंदूत गेली तर फार वाईट. लाइट बंद करायचा नाही.”

पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पाजायला सिस्टरने लाइट बंद केला, पट्टी काढली. पट्टीखालचा भाग पिवळाच होता. “लाइट पोचत नाही तिथला पिवळेपणा जात नाही,” ती म्हणाली. मग तिने खाली बोट दाखवलं.

मुलीच्या छातीवरही पिवळा ठसा होता. हाताचा. पाचही बोटं स्पष्ट!

“तुम्ही हात ठेवला होता का?” डॉक्टर माझ्यावरच डाफरले. अहो, मी कशाला ठेवू? मी आपला पंजा त्यावर धरून पाहिला. ठसा माझ्या हातापेक्षा मोठा होता आणि बोटं उलट्या बाजूने आलेली – भिंतीकडून. पेटी तर भिंतीला टेकलेली! तिथे माणूस उभा राहणार कुठे?

तेवढ्यात सासूबाई डबा घेऊन आल्या. ठसा बघून त्यांनी डबा खाली ठेवला आणि हात जोडले.

“काल घरी पाचवी पूजलंय गो... चेडू हंय, म्हणान पाटार वरवंटो ठेवलंय. तिच्याच दुपट्यात गुंडाळून.”

“म्हणजे मुलगी इथे दवाखान्यात, म्हणून पाट्यावर सटवाईला बाळ म्हणून दगड दाखवलात?”

“ती चेडवाक शोधीत हंय इली गो!”

मुलीला शोधत सटवाई इथवर आली म्हणे! मी त्यांच्यावर ओरडले. भीतीनेच ओरडले. कारण रिपोर्ट आला होता – कावीळ उतरत नव्हती. डॉक्टर म्हणाले, परत ठेवा. लाइटखाली तो हात आणि लाइटविना मेंदूत कावीळ! आईने काय करायचं हो? मी माझ्या हातांनी तिला परत त्या पेटीत ठेवलं. पापणी न लववता बघत बसले. कोणी आलं नाही, शपथ घेऊन सांगते.

दुपारी लाइट बंद केला. छातीवरचा पिवळेपणा गेला होता. ठसा आता गळ्यावर होता.

त्यानंतरच्या रिपोर्टमध्ये कावीळ उतरली, घरी सोडलं. ठसाही हळूहळू गेला. डॉक्टरांना नंतर विचारलं तर म्हणाले, “हे कुठल्याच साइड इफेक्टमध्ये बसत नाही.” आणि विषय बदलला.

मुलगी आता बालवाडीत जाते, ठणठणीत आहे. सासूबाई म्हणतात, देवीने जपलं. असेलही. पण तो हात तिला थोपटत होता की ओढून नेत होता, हे मला आजही सांगता येत नाही. तिला एकटीला झोपवायची अजून माझी हिंमत होत नाही.