उशा मोजा

मी भूगोलाची मास्तरीण. त्यामुळे एका संस्थेनं लालबाग-परळच्या चाळींत उन्हाच्या धोक्याचं सर्वेक्षण काढलं, तेव्हा घरोघर फिरणाऱ्या मुलींना शिकवायला मलाच बोलावलं. कुठल्या खोलीवर पत्रा आहे, कुठे म्हातारं किंवा आजारी माणूस आहे, ते टिपायचं. जास्त धोक्याची घरं नकाशावर लाल करायची. मग कडक उन्हाच्या दुपारी त्या दारांवर जायचं आणि माणसांना खाली मंडळाच्या हॉलमध्ये पंख्याखाली आणून बसवायचं. योजना चांगली होती, हे मी अजूनही म्हणते.

मुलींना मी एक युक्ती दिली होती. चाळीत घरात किती माणसं विचारलं की रेशनकार्ड पुढे करतात. गावाहून आलेला पुतण्या, विधवा मावशी, यांतलं कोणीच कार्डावर नसतं. तेव्हा कार्ड बघू नका, उशा मोजा. या युक्तीचा मला फार गर्व होता. दोन गल्ल्यांत कितीतरी माणसं मी अशी उशांवरून पकडली आणि बायकांच्या शिव्या खाल्ल्या.

आमचं घर वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. दादा, वहिनी, मी आणि काका. काका म्हणजे वडिलांचे चुलत भाऊ. माझ्या जन्माआधी कोकणातून आले, मसाल्याच्या डंखावर मिरची कुटायला लागले आणि आमच्या पोटमाळ्यावर झोपायला लागले. लग्न केलं नाही. पुढे डंख सुटला, पोटमाळा सुटला नाही. तरी कोणी विचारलं तर म्हणायचे, मी गावचा. मतदान गावी, आधारही गावचंच.

आमच्या घराचा फॉर्म मी ओट्याशी उभ्या उभ्या भरला. काकांना वय विचारलं तर ते उखडलेच.

"माझा नाव थंय गावाक आसा. हंय कित्याक घालतंस गो?"

"काका, वर पत्रा किती तापतो!"

"माका कसलो उकाडो? मिरच्येत जलम गेलो माझो."

मी हसले आणि तीन माणसं लिहिली. काका नको म्हणाले हे खरं, पण ते निमित्त झालं. घर लाल आलं असतं तर माझ्याच हाताखालच्या मुलींना कळलं असतं की बाई आपल्या म्हाताऱ्या काकांना तापल्या पत्र्याखाली ठेवतात. मला त्याची लाज वाटली. तिघंही धडधाकट, म्हणून आमचं घर हिरवं आलं.

मे महिन्यातला तो दिवस. रस्त्यावरचं डांबर चपलांना चिकटत होतं. बारा वाजल्यापासून मी लाल दारं ठोठावत होते. समोरच्या चाळीतल्या एक आजी हलायलाच तयार नव्हत्या. "मेले, तुझा हॉल तुलाच लखलाभ," म्हणाल्या. त्यांना हाताला धरून जिने उतरवले, सरबत पाजलं, आणि त्या पंख्याखाली शांत झोपल्या तेव्हा मी स्वतःवर भलतीच खूश झाले. त्या दुपारी मी आमच्या चाळीवरून दोनदा गेले. वर गेले नाही. आमच्या घराला धोका नव्हता.

घरी पोचले तेव्हा चार वाजून गेले होते. वहिनी पहाटे उठून डबे करायची, म्हणून दुपारी जरा आडवी व्हायची. आणि काकांचा एक नेम होता. सून आडवी झाली की आपण खाली थांबायचं नाही, शिडी चढून पोटमाळ्यावर जायचं. त्यांना जा असं कोणी कधी सांगितलं नव्हतं. जाऊ नका, असंही कोणी म्हटलं नव्हतं.

वहिनीनं चहा ठेवला होता. मी खालून हाक मारली, "काका, चहा." उत्तर आलं नाही. शिडी चढून वर गेले. पत्र्याला डोकं लागलं आणि चटका बसला. काका कुशीवर होते, श्वास चालू होता, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा टिपूस नाही. शेजाऱ्यांनी त्यांना चादरीत घालून खाली उतरवलं. इस्पितळात संध्याकाळी ते गेले.

मृत्यूची नोंद करणाऱ्या खिडकीतल्या माणसानं पत्ता विचारला. दादानं काकांचं आधार पुढे केलं. त्यानं त्यावरचा गावचा पत्ता लिहून घेतला. मी शेजारी उभी होते आणि दुसऱ्यांदा गप्प बसले.

तेरावं झाल्यावर मी संस्थेत गेले. नकाशा सांभाळणारी मुलगी माझ्याच हाताखाली शिकलेली. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, आमचं घर लाल कर. तिचे डोळे भरून आले. मग तिनं फॉर्म उघडला आणि मी शिकवला होता तसाच प्रश्न विचारला, "बाई, आता पोटमाळ्यावर कोण झोपतं?"

"कोणी नाही."

"मग..." तिनं फॉर्म बंद केला. तिचं काही चुकत नव्हतं. घर हिरवंच राहिलं.

वहिनी आता दुपारी आडवी होत नाही. त्या दिवशी संस्थेतून घरी येऊन मी पहिल्यांदा आमच्या उशा मोजल्या. खाली तीन होत्या. चौथी वर, नेहमीच्या कोपऱ्यात नाही, शिडीच्या तोंडाशी होती. तिला अजून मिरचीचा वास येत होता.