दिव्याच्या खोलीबाहेरचा बाक

मी कांचघर मोहल्ल्यातला, नोकरी फॅक्टरीत. कोपरांवर आणि पाठीवर सोरायसिस आहे, म्हणून आठवड्यातून दोनदा अधारतालच्या स्किन क्लिनिकमध्ये अतिनील दिव्यांच्या मशीनमध्ये उभा राहतो. मशीनमध्ये दोन मिनिटं, बाहेरच्या बाकावर तासभर. किस्से जमतात ते त्या बाकावर. मलमाची ट्यूब संपते, हे संपत नाहीत.

*

पहिल्या दिवशी मी भर मे महिन्यात फुल शर्ट घालून गेलो. बाकावर दीक्षितपुऱ्याच्या मोहरीर काकू होत्या, रिटायर्ड शिक्षिका. त्यांच्या हातांवर पांढरे डाग. माझी बाही सरकून कोपर दिसलं, तशा त्या पर्स उचलून टोकाला जाऊन बसल्या. मग आत जाऊन डॉक्टर मॅडमना विचारलं, त्या भैयाचं लागणारं तर नाही ना?

मॅडमनी दोघांनाही बोलावलं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच आपल्या कातडीवर उलटते, त्यांनी सांगितलं. काकूंच्या रंगाच्या पेशी ती मारते, माझी कातडी नको तेवढ्या घाईने वाढवते. लागण कशाचीच होत नाही, आणि उपाय म्हणून दिवाही एकच.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "म्हणजे आपण चुलत भाऊबहीण निघालो."

मग हळूच सांगितलं, शाळेत एका पालकाने त्यांच्या हातचा प्रसाद घेतला नव्हता.

*

दिव्याने मी चांगलाच काळा पडलो. शेजारचे विचारू लागले, गोव्याला जाऊन आले का? बायकोने हो म्हणून टाकलं. आता गल्लीत लोक मला समुद्राबद्दल विचारतात, आणि मी गावाजवळच्या भेडाघाटच्या धबधब्यापुढे गेलेलो नाही.

*

श्वेता बँकेत नोकरीला. तिच्या डोक्यावर नाण्याएवढी गोल टकलं पडली होती. तिला मराठी समजतं, पण बोलताना हिंदी येतं. मॅडमनी सांगितलं, हेही त्यातलंच, फक्त हल्ला केसांच्या मुळांवर आहे.

तीन महिन्यांनी तिने स्कार्फ काढून दाखवलं. केस आले होते, पण पांढरे. ती रडावं की हसावं अशा तोंडाने उभी.

काकू म्हणाल्या, "अगं, काहून रडून राहिली? आले ना! रंगाचं नंतर पाहू."

*

मग काकूंच्याच गुडघ्यावर, जुन्या पांढऱ्या डागावर, लाल खवल्यांचा चट्टा उठला. मॅडमनाही बघून खात्री वाटेना. त्यांनी छोटा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट येईपर्यंत दिवा बंद केला. हातांवर नुकते रंगाचे ठिपके परतू लागले होते. काकूंच्या मनात कॅन्सर बसला. त्या आठवड्यात त्यांनी मला दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा फक्त हवेबद्दल बोलल्या.

रिपोर्टच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. काकू आत गेल्या. श्वेता आणि मी दाराकडे बघत बसलो. मॅडमनी त्यांना सांगितलं, कॅन्सर नाही, सोरायसिस आहे. कोडासोबत कधी कधी हेही एकाच माणसात येतं, कुणाकडून लागत नाही. दिवा पुन्हा सुरू करू.

काकू बाहेर आल्या, आम्हाला सांगितलं, आणि तशाच रस्त्यावर उतरल्या. परतल्या त्या गरम खोव्याच्या जलेबीचा पुडा घेऊन. बाकावरच्या सगळ्यांना वाटली. टोकाला एक नवे गृहस्थ बसले होते, पहिल्यांदाच आलेले, बाही मनगटापर्यंत ओढून. त्यांनी जलेबी घेतली आणि अदबीने विचारलं, "किस खुशी में, दीदी?"

"मुझे सोरायसिस निकला, भैया."