बाटलीवकील

शुक्रवार, १४ जून. दिवसभर ऊन. गॅस बदलला. व्हॅनवाला सुटला. जावयांनी येताना आइस्क्रीम आणले. मी खाल्ले नाही.

माझ्या जावयांना कोर्टात बाटलीवकील म्हणतात. स्वतः थेंबाला शिवत नाहीत, पण पिऊन गाडी चालवताना सापडलेला माणूस आधी त्यांचेच दार ठोठावतो. शर्टाला इस्त्री स्वतःच करतात. दुसऱ्याने घातलेली घडी त्यांना पटत नाही. पोलिसांच्या कामातली चुकलेली घडीही अशीच हुडकून काढतात.

या वेळचा अशील म्हणजे नातीच्या शाळेची व्हॅन चालवणारा. सकाळी मुले उतरवून परतताना पकडला गेला. फुंकायच्या यंत्राची तपासणी वेळेवर झालेली नव्हती, म्हणून त्यातला आकडा बाद. उरली हवालदाराची साक्ष: टाचेला पाऊल लावून सरळ चालायला सांगितले, तर हा झोकांड्या देत होता. जावयांनी भर कोर्टात हवालदारालाच तसे चालायला लावले. पोट सुटलेला माणूस, जरा पुढे गेला आणि कठडा धरून उभा राहिला.

"यांनी आज घेतलेली नाही ना?" जावयांनी विचारले. कोर्ट हसले.

हे त्यांनी जेवताना रंगवून सांगितले. लेकीने घास खाली ठेवला.

"म्हणजे सोमवारपासून तोच येणार?"

"का नाही? सुटलाय तो."

"प्यायला होता की नव्हता?" मी विचारले.

"आई, ते कोर्टात सिद्ध झालं नाही."

"मी कोर्ट नाही. माझी नात त्या गाडीत बसते."

"माझी मुलगी आहे ती. आणि घरही माझं आहे."

"घर तुमचंच. जीभ तेवढी माझी आहे."

सोमवारी व्हॅन फाटकाशी आली. आमचा पहिलाच थांबा. शेजारीण तिच्या जुळ्यांना घेऊन उभी होती. नात पुढे निघाली, तर जावयांनी तिला दंडाला धरून मागे ओढले.

"आज हिला बरं नाही," ते व्हॅनवाल्याला म्हणाले.

मी पायरीवरून सांगितले, "ती ठणठणीत आहे. तुझ्या गाडीत बसवायला घाबरतात ते. तुझी सगळी कुंडली त्यांनाच ठाऊक."

शेजारणीने एका मुलाचे दप्तर ओढून धरले. "वकीलसाहेब, खरं का हो?"

"मला उशीर होतोय," जावई म्हणाले.

"साहेब, तुम्हीच तर सोडवलंत मला," व्हॅनवाला म्हणाला.

जावयांनी त्याच्याकडे पाहिले नाही. शेजारणीने दोन्ही मुलांना मागे घेतले आणि तिथेच उभी राहून पुढच्या थांब्यावरच्या आयांना फोन लावला. व्हॅन रिकामीच वळली.

"गरिबाच्या पोटावर पाय दिलात," जावई दात आवळून म्हणाले. "लेकीकडे राहता, हे विसरू नका."

"विसरू दिलंत कधी?"

सोमवार, १७ जून. नातीला चालत नेले, चालत आणले. तिच्या डाव्या बुटाचा तळ सुटला, चिकटवायला दिला.