नदीपलीकडचा कडू घोट

मी बिअर बनवते. पुण्यात हे वाक्य मी कुणालाही पहिल्या भेटीत हसत सांगते. वर्ध्यात मात्र घराबाहेर ते माझ्या तोंडून कधी निघालंच नाही. शेवटी ते दुसऱ्याच माणसानं सांगितलं, तेही माईकवरून, आणि तेव्हा मी स्टेजवर खाली मान घालून उभी होते.

आमचा जिल्हा कोरडा आहे. का कोरडा, हे इथल्या शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं, म्हणून ते सांगत बसत नाही. इथे दारूचं दुकान नाही, बार नाही. दारू मात्र आहे. ती दुकानात मिळत नाही एवढंच, घरपोच येते. ज्यांना घरपोच मागवणं शोभत नाही अशी सभ्य माणसं नदी ओलांडतात. पुलगावच्या पुढे वर्धा नदीचा पूल संपला की जिल्हा बदलतो आणि ढाबे सुरू होतात. त्या ढाब्यांवर एक रिवाज कडक पाळला जातो: पुलापलीकडे कुणी कुणाला ओळखत नाही. शेजारच्या टेबलावर सख्खा साडू बसला असला तरी नमस्कार करायचा नाही. नजर भिडलीच तर पंख्याकडे बघायचं. अलीकडे परत आलं की मग खुशाल "अरे, किती दिवसांनी!" म्हणून गळ्यात पडावं. दारूबंदी पाळली जाते की नाही ते सोडा, पण हा रिवाज मोडल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं.

बाबा यातल्या कुठल्याच भानगडीत नव्हते. ते रोहण्याच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. सुपारीसुद्धा खात नाहीत. शाळेची व्यसनमुक्तीची फेरी निघायची तेव्हा सगळ्यात पुढे तेच, आणि घोषणा त्यांनीच रचलेल्या. मीही त्या फेरीत फलक धरून चालले आहे, आणि माझं अक्षर चांगलं म्हणून तो फलकही मीच रंगवलेला असायचा. त्याच पोरीनं पुढे सूक्ष्मजीवशास्त्र शिकून पुण्यातल्या एका छोट्या ब्रुअरीत नोकरी धरली. आता तिथे माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, शिजवण्यापासून यीस्टची मर्जी राखण्यापर्यंत सगळं मीच बघते.

पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा बाबा उठून झाडांना पाणी घालायला गेले. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मला भांडता येतं. प्रश्न आईनं सोडवला. "दाणे भिजोवता, मोड आणता, शिजोवता. मंग हे फूडच झालं ना?" आईच्या तर्कात खोट काढणं कठीण असतं. तेव्हापासून मी 'फूड कंपनीत' आहे. तळेगावची आत्या दर दिवाळीला विचारते, "तुह्या कंपनीचे बिस्किटं आणले नाईत काऊन?" आणि बाबा पेपरमध्ये डोकं घालतात.

मागच्या हिवाळ्यात बाबांचा फोन आला. निवृत्त शिक्षकांच्या मंडळानं वर्ध्यात गुणवंत पाल्यांचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, प्रमाणपत्र. आईबापानं माईकवर येऊन आपल्या पाल्याचा परिचय करून द्यायचा. अध्यक्ष कोण, तर रोहण्याच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक, म्हणजे बाबांचे जन्माचे साहेब. माझं नाव यादीत 'अन्नप्रक्रिया क्षेत्र' म्हणून गेलं होतं.

माझं डोकं फिरलं. डॉक्टर, इंजिनिअर, तहसीलदार यांच्या ओळीत बसून मी माझ्या कामाचं नाव लपवण्याबद्दल शाल घ्यायची! "खरं सांगणार असाल तर येते," मी म्हटलं. "नाहीतर नारळ तुम्हीच फोडा."

बाबा म्हणाले, "जो प्रयोग म्या स्वतः केला नाई तो म्या वर्गात कधी शिकोवला नाई. तुही बिअर म्या चाखली नाई. माईकवर काय सांगू?"

"मग चाखा," मी तावातावानं म्हटलं.

"चाखतो. पण जिल्ह्यात नाई. एक थेंब इकडे आणायचा नाई."

आता माझी पंचाईत बघा. पुण्याहून येणारी गाडी नदीच्या अलीकडे येण्याआधी धामणगावला थांबते. मी तिथे उतरले. माझी एक कॉलेजची मैत्रीण त्या गावात दिली आहे. तिच्या फ्रिजमध्ये दोन बाटल्या ठेवल्या आणि पुढच्या गाडीनं, रिकाम्या हातानं, कायद्यानं अगदी निर्मळ होऊन वर्ध्याला आले. मैत्रिणीनं सासूला सांगितलं की तो काढा आहे. सासूनं वास घेतला आणि तिला ते पटलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. शाळा तपासणीला निघावं तशी तयारी. आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं की बापलेक कौंडण्यपूरला देवदर्शनाला जाऊन राह्यले. आम्हाला म्हणाली, "देवाले माहा नमस्कार सांगजा. अन् घरी वास आणू नका."

गाडी मी चालवत होते. पूल ओलांडून धामणगावला गेलो, मैत्रिणीकडून बाटल्या घेतल्या आणि तसेच मागे फिरून नदीकाठच्या ढाब्यावर बसलो. बाबा आयुष्यात पहिल्यांदा अशा ठिकाणी आले होते, पण बाकाच्या मधोमध ताठ बसले. मालक आला तेव्हा त्यांनी घसा साफ केला आणि वर्गात विचारतात तसं खणखणीत विचारलं, "इथे बसणाऱ्यांजवळ पिण्याचा परवाना आहे काय? मले एक दिवसाचा पाहिजे."

मालकाचा चेहरा उतरला. ताठ बसलेला म्हातारा, खिशाला पेन, तोंडात परवाना. त्याला वाटलं, एक्साइजवाले आले. पाठीमागे ग्लास टेबलाखाली गेल्याचे आवाज झाले. दोघं जण मागच्या शेतात लघवीला म्हणून गेले ते परत दिसले नाहीत. आणि कोपऱ्यातल्या टेबलावरचे एक गृहस्थ घाईनं उठताना आमच्याकडे वळले.

ते आमचे मुख्याध्यापक सर होते. उद्याचे अध्यक्ष.

बाबांनी त्यांना पाहिलं. सरांनी बाबांना पाहिलं. मग दोघांनीही एकदमच पंख्याकडे पाहिलं. बाबांना हा रिवाज कुणी शिकवला कोण जाणे. बहुधा तो आमच्याकडच्या पाण्यातच असावा.

मालकाला मी समजावलं, कायद्यात असला तरी कुणी न मागणाऱ्या परवान्याचा हट्ट बाबांना सोडायला लावला ("हे बराबर नाई," ते दोनदा म्हणाले), आणि बाटली उघडली. ही आमची सगळ्यात कडू बिअर. हॉप्स नावाच्या एका वेलीची फुलं तिच्यात भरपूर घातलेली असतात. कडूपणा त्यांचा, वासही त्यांचा. मी बेतानं ओतली. फेस वर आला, खाली दाट तांबूस रंग. गाडी चालवायची होती म्हणून मी स्वतः फक्त वास घेतला. पुण्यात तिला नावाजणारे कितीतरी आहेत. त्यांच्या मताची मी इतकी वाट कधी पाहिली नाही.

बाबांनी ग्लास उन्हात धरला, फिरवला, आणि नाक आत घातलं. "संत्रा," ते म्हणाले. मग डोळे मिटून, "नाई. संत्र्याची साल. नखानं सोलतानी जो फवारा उडते, तो. तळेगावच्या बगिच्यात येते तसा. संत्रा टाकला तू?"

"नाही बाबा. एक फोडसुद्धा नाही. तो त्या फुलांचाच वास आहे."

"असं कसं होते?" ते खरंच चकित झाले होते. मला इतका आनंद झाला की मी तिथेच उठून नाचले असते.

मग त्यांनी घोट घेतला.

त्यांचं तोंड कसं झालं ते सांगत नाही. गिळलं मात्र त्यांनी. थुंकणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. "पोरी," ते म्हणाले, "हे तर कडुलिंबाच्या वर गेलं. अन् लोक हे खुशीनं पितात?"

मी सांगितलं की या जातीच्या बिअरच्या नावातच इंडिया आहे. इंग्रज ती जहाजानं इकडे पाठवत, वाटेत नासू नये म्हणून हॉप्स जास्त घालत, असं सांगतात.

"म्हणजे इंग्रज गेले," बाबा म्हणाले, "अन् काम तुह्यासाठी ठेवून गेले."

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "मोठा सुंदर वास येऊन राह्यला." सर पंख्याशी बोलत होते.

बाबांनी मालकाला बोलावलं. "त्या गृहस्थांले एक ग्लास द्या." मी भरून दिला. पुढचं संभाषण मी कान देऊन ऐकलं, कारण ही दोन माणसं उभं आयुष्य एकाच स्टाफरूममध्ये बसली होती.

"आपण कुठले?" सरांनी विचारलं.

"इथलाच. जवळपासचा. आपण?"

"मीही इकडचाच." सरांनी घोट घेतला, डोळे बारीक केले, आणखी एक घेतला. "कडू आहे. पण दुसऱ्या घोटाले समजते. तिसरा पाहतो." तिसरा पाहून झाल्यावर ते म्हणाले, "साधी गोष्ट नाई ही. कोणं बनवली?"

बाबांनी ग्लासकडे पाहिलं, मग नदीकडे.

"पुण्याची एक कंपनी आहे," ते म्हणाले.

उरलेली बाटली सरांनी संपवली. दुसरी मी मालकाला देऊन टाकली. त्या क्षणी मला ती डोळ्यांपुढे नको होती. बाबांनी पुलाआधी गाडी थांबवायला लावली आणि पाण्यानं खळाळून चुळा भरल्या. जिल्ह्यात एक थेंब न्यायचा नव्हता ना! मी आख्खा रस्ता नुसता हॉर्न वाजवत आले. जिथे कुणी कुणाला ओळखत नाही तिथेही या माणसानं मला ओळखलं नाही, एवढंच डोक्यात घोळत होतं. घरी येऊन आईला म्हटलं, "मी उद्या येत नाही."

आई म्हणाली, "नारळ तरी घेऊन ये. चटणीले लागते." आईपुढे माझं काय चालणार? गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्यातल्या एका शाळेचा हॉल गच्च भरला होता. मध्यभागी सर, गळ्यात हार. डॉक्टरच्या वडिलांनी डॉक्टर सांगितला, तहसीलदाराच्या आईनं तहसीलदार. माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर जाऊन मान खाली घातली. बाबा माईकपाशी आले. स्टेजवर ते नेहमी पुस्तकात छापल्यासारखं बोलतात.

"माझी मुलगी पुण्यात असते," त्यांनी सुरुवात केली. पेन खिशातून काढलं, परत ठेवलं. "यादीत अन्नप्रक्रिया लिहिलं आहे. ते दुरुस्त करावं. माही पोरगी बिअर बनोवते."

पहिल्या रांगेत आईनं पदर तोंडाला लावला.

"मी दारूच्या विरोधात आहे. आजही आहे. पण पोरीचं काम न पाहता त्याचं नाव लपवणं, हे काई विज्ञान नाई. म्हणून म्या चाखली. जिल्ह्याबाहेर चाखली. मले आवडली नाई. लय कडू आहे. पण तिले संत्र्याचा वास येते अन् तिच्यात संत्रा नाई. हे जिले जमते तिले तिचं काम येते." त्यांनी माईक जवळ ओढला. "काल तिथं एकानं विचारलं, कोणं बनवली. म्या सांगितलं नाई. तिथं सांगण्यात काय दम होता? तिथं तर कोणी कोणाले ओळखतच नाई. त्या माणसानंही चाखली, अन् त्याचं मत माह्याहून चांगलं होतं. पण तो कोण, ते मी सांगू शकत नाई. आमची ओळख नाई."

कुणीतरी खाकरलं. सगळ्या हॉलला पुलापलीकडचा रिवाज माहीत होता, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत माना खाली गेल्या. रागानं म्हणावं तर तसं नव्हतं. ज्याला त्याला आपलं टेबल आठवत असावं.

सत्कार अध्यक्षांच्या हस्ते होता. सर उठले. शाल हातात घेतली, तिची घडी उलगडली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता हे नारळ माझ्या डोक्यातच घालतात. ते माईककडे वळले.

"तो माणूस मी होतो," सर म्हणाले. "अन् मले आवडली."

त्यांनी शाल माझ्या खांद्यावर टाकली. मला रडू येत होतं, हसूही येत होतं, आणि कालच्या माझ्या रागाला कुठे ठेवावं ते कळत नव्हतं. टाळ्या वाजल्या की नाही ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की बाबा माझ्याकडे बघतच नव्हते. ते हात जोडून सरांकडे वळले होते.

"नमस्कार सर," बाबा म्हणाले. "काल राहून गेला."